शोकांतिका बसवताय? अर्थ तालमीत नाही, कास्टिंगमध्ये ठरतो

बहुतेक ग्रुपमध्ये कास्टिंग कसं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. ज्याचा आवाज खणखणीत तो हॅम्लेट, जी नाजूक दिसते ती ऑफेलिया, जो धिप्पाड तो राजा, उरलेले सैनिक आणि दरबारी. यादी लागते, काही खूश होतात काही नाराज, आणि मग आठवड्याभराने दिग्दर्शक सगळ्यांना गोल बसवून सांगायला लागतो की मला या नाटकातून काय म्हणायचंय. पण तोवर त्या यादीनेच अर्ध्याहून जास्त म्हणणं मांडून टाकलेलं असतं, तुम्हाला ते हवं असो वा नसो.

शोकांतिकेत हे जास्तच खरं आहे. शेवट सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतो, 'ऑथेल्लो'तली डेस्डेमोना मरणार, म्हातारा राजा लिअर मरणार, इडिपस स्वतःचे डोळे फोडून घेणार. प्रेक्षक 'पुढे काय' बघायला आलेलाच नसतो, तो बघायला येतो की हे का झालं, कुणामुळे झालं, आणि टळलं असतं का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तो संवादांच्या आधी माणसांकडे बघून शोधायला लागतो. कोण कोणापेक्षा किती मोठा, कोण कोणासमोर बुटका दिसतो, कोणाच्या शेजारी कोण उभं राहिलं की खोलीतली हवा बदलते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भूमिका सुट्या सुट्या भरू नका, दोन माणसांमधलं अंतर कास्ट करा. ते प्रत्यक्षात कसं करायचं ते आता सांगतो.

आधी संहिता, मग माणसं

कुणाचंही नाव डोक्यात न आणता संहिता एकदा पूर्ण वाचा आणि वहीत दोन रकाने करा. एकात लिहा लेखकाने पात्राबद्दल नक्की काय सांगितलंय, दुसऱ्यात लिहा आपण सगळे काय धरून चालतो. हे दोन रकाने किती वेगळे निघतात ते बघून भलेभले चाट पडतात.

इयागोचं बघा, म्हणजे सेनापती ऑथेल्लोला त्याच्या बायकोविरुद्ध, डेस्डेमोनाविरुद्ध, भडकवणारा त्याच्याच हाताखालचा माणूस. आपल्या डोक्यात तो चाळिशी-पन्नाशीचा, मुरलेला, धूर्त माणूस असतो. पण पहिल्याच अंकात तो स्वतःचं वय सांगतो, चार गुणिले सात, म्हणजे आपलं सात चोक अठ्ठावीस. आणि ऑथेल्लो स्वतःच कबूल करतो की आपलं वय आता उताराला लागलंय. हॅम्लेट विद्यापीठातून घरी आलेला मुलगा वाटतो, पण कबर खोदणारा सांगतो की तो हॅम्लेटच्या जन्माच्या दिवशी कामाला लागला आणि आता त्याला ३० वर्षं झालीत. ज्युलिएट चौदासुद्धा पूर्ण नाहीये. लिअर ऐंशी ओलांडून गेलाय असं स्वतः म्हणतो.

हे सगळं पाळायलाच हवं असं अजिबात नाही, जगातल्या मोठमोठ्या प्रयोगांनी ते मोडलंय. पण मोडताना आपण मोडतोय हे माहीत पाहिजे, कारण वयाचा प्रत्येक बदल कुणाच्या तरी अपराधाचं वजन बदलतो. वीस वर्षांचा हॅम्लेट बापाच्या खुनाचा बदला घ्यायला चालढकल करतो तेव्हा आपल्याला त्याची कीव येते, अरे पोरगा आहे, काल बाप गेलाय त्याचा. पस्तिशीचा हॅम्लेट तीच चालढकल करतो तेव्हा प्रेक्षक अस्वस्थ होतो कारण आता तो त्या माणसाचा स्वभाव दिसायला लागतो.

जोडी आधी, हिरो नंतर

नायक आधी निवडून मग त्याच्याभोवती बाकीचे बसवायचे ही सवय सोडा. ज्या दोघांमध्ये नाटक जळतं ते दोघं एकत्र निवडा. मॅकबेथ आणि त्याची बायको, ऑथेल्लो आणि इयागो, राजा क्रेऑन आणि त्याचा हुकूम मोडणारी अँटिगनी, मेडिआ आणि तिला सोडून जाणारा नवरा जेसन.

राजाचा खून करून गादी बळकावणाऱ्या मॅकबेथचं उदाहरण घेऊ कारण त्यात हे फार स्पष्ट दिसतं. लेडी मॅकबेथ एका ठिकाणी म्हणते की मी बाळाला अंगावर पाजलंय. ते बाळ नाटकात कुठेच नाही. त्याचं काय झालं हे शेक्सपिअर सांगत नाही, आणि ही रिकामी जागा तुमच्या कास्टिंगने भरली जाते. दोघंही तिशीचे घेतलेत तर बाळं अजून होऊ शकतात, मग सिंहासनाची हाव ही पुढच्या पिढीसाठी आहे, आणि त्याचा साथीदार बँकोच्या वंशजांना गादी मिळणार हे भाकीत मॅकबेथच्या जिव्हारी लागतं ते त्यामुळे. दोघं पन्नाशीचे घेतलेत तर घर रिकामं आहे, आणि राहून गेलेल्या सगळ्याची भरपाई म्हणून त्यांना हा मुकुट पाहिजे. २००७ साली पॅट्रिक स्टुअर्टने मॅकबेथ केला तेव्हा तो साठी ओलांडलेला होता आणि लेडी मॅकबेथ करणारी केट फ्लीटवुड त्याच्याहून तीसेक वर्षांनी लहान. एकही ओळ न बदलता तिसरंच नाटक तयार झालं, वयस्क सैनिक आणि त्याची तरुण बायको, आणि आता तो खून करतोय त्यात तिच्यासमोर म्हातारं न दिसण्याचीही धडपड आहे.

तुमच्याकडे कोण नट उपलब्ध आहेत ते बघून यातलं एक काहीतरी निवडा, पण निवडा. नाहीतर पंचविशीचा मॅकबेथ आणि चाळिशीची लेडी मॅकबेथ एकत्र उभे राहतील, प्रेक्षक मनातल्या मनात त्याचं काहीतरी स्पष्टीकरण शोधत बसेल आणि ते तुमच्या प्रयोगात कुठेच मिळणार नाही.

इडिपसमध्ये जोकास्टाचा, म्हणजे त्याची बायको जी खरं तर त्याची आई आहे तिचा, प्रश्न असाच आहे. ती त्याच्या वयाची दिसली तर प्रेक्षक तिचं खरं नातं विसरून जातो आणि उलगडा झाला की हादरतो. ती उघड मोठी दिसली तर पहिल्या एन्ट्रीपासून प्रेक्षकाला ते दिसतंय जे इडिपसला दिसत नाहीये, आणि सगळं नाटक त्या घुसमटीत जातं. मला दुसरं जास्त आवडतं, कारण गोष्ट सगळ्यांना माहितीच आहे, धक्क्यावर अवलंबून राहण्यात अर्थ नाही.

ऑथेल्लो: सगळ्यात अवघड कास्टिंग

ऑथेल्लो हा व्हेनिसच्या गोऱ्या समाजातला काळा सेनापती. इथे थोडं थांबू, कारण कास्टिंगने अर्थ कसा उलटापालटा होतो याचा दोनशे वर्षांचा इतिहास एकाच नाटकात सापडतो.

१८३३ साली लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये एडमंड कीन ऑथेल्लो करत असताना रंगमंचावर कोसळला आणि त्याच्या जागी आयरा ऑल्ड्रिज हा कृष्णवर्णीय नट आला. लंडनच्या काही वर्तमानपत्रांनी त्याच्यावर विषारी टीका केली. शतकभराने, १९३० मध्ये, पॉल रोबसनने लंडनमध्ये ऑथेल्लो केला आणि १९४३ मध्ये ब्रॉडवेवर, तिथे २९६ प्रयोग झाले. १९६४ मध्ये मात्र लॉरेन्स ऑलिव्हिए अजून चेहरा काळा रंगवूनच ही भूमिका करत होता. आज ते कुणी करू नये, आणि कारण फक्त शिष्टाचाराचं नाहीये. रंग फासलेला नट उभा राहिला की प्रेक्षक ऑथेल्लोचं दुःख बघत नाही, नटाची कारागिरी बघत बसतो.

१९८७ मध्ये जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये जॅनेट सुझमनने जॉन कानीला ऑथेल्लो म्हणून घेतलं, समोर गोरी डेस्डेमोना. वर्णभेदाची राजवट चालू होती, काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी उठून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिथे ऑथेल्लोने डेस्डेमोनाचा हात हातात घेणं हीच बातमी होती, दिग्दर्शकाला वरून काही वेगळं सांगायची गरजच नव्हती.

१९९७ मध्ये वॉशिंग्टनला जूड केलीने सगळं उलटं केलं. गोरा ऑथेल्लो, पॅट्रिक स्टुअर्ट, आणि भोवतालचं व्हेनिस जवळजवळ सगळं कृष्णवर्णीय नटांचं. यातून शिकायची गोष्ट ही की ऑथेल्लो 'परका' आहे हे ऑथेल्लोच्या कास्टिंगने ठरत नाही, बाकीच्या वीस जणांच्या कास्टिंगने ठरतं. एकटा माणूस परका असूच शकत नाही, त्याला परकं ठरवणारा घोळका लागतो. तुमच्या ग्रुपमध्ये या भूमिकेला साजेसा कृष्णवर्णीय नट नसेल तर आधी घोळका कसा दिसणार, कसा बोलणार ते ठरवा. भाषेची ढब, उभं राहायची पद्धत, एकमेकांच्या खांद्यावर सहज हात टाकणं, आणि त्या घोळक्यात ज्याला ही सहजता कधीच मिळणार नाही असा एक माणूस.

आणि मग २०१५ चा रॉयल शेक्सपिअर कंपनीचा प्रयोग. इक्बाल खानने ऑथेल्लो म्हणून ह्यू क्वार्शीला घेतलं आणि इयागो म्हणून लुशियन मसमातीला, म्हणजे दोघंही कृष्णवर्णीय. आता इयागोचा द्वेष 'तो काळा आहे म्हणून' एवढ्यावर उडवून लावता येत नाही. आता तो माणूस दिसतो ज्याने आपल्यातल्याच एकाबरोबर सगळ्या लढाया केल्या आणि बढतीची वेळ आली तेव्हा त्याने गोऱ्या कॅसिओला वर घेतलं. ही जखम फार खोल दिसते आणि खरं सांगायचं तर फार जास्त दुखते.

इयागोच्या वयाकडे परत या. खरोखर अठ्ठावीसचा इयागो घेतलात तर तो उतावळा, तल्लख, एक खेळी जमली म्हणून पुढची खेळणारा पोरगा होतो, शेवटी त्याच्याच हाताबाहेर गेलेलं प्रकरण. पन्नाशीचा घेतलात तर आयुष्यभर सलाम ठोकून डावलला गेलेला माणूस. तरुणाच्या बाबतीत 'टळलं असतं' असं वाटतं, म्हाताऱ्याच्या बाबतीत 'हे कधीतरी होणारच होतं'. तुम्हाला प्रेक्षकाने घरी जाताना यातलं काय घेऊन जायला हवंय ते ठरवा आणि मग फोन फिरवा.

डेस्डेमोनासाठी नाजूक, घाबरट दिसणारी मुलगी घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही बाई रात्रीतून बापाचं घर सोडून लग्न करते आणि भर सभेत बापाच्या तोंडावर सांगते की आता माझं कर्तव्य नवऱ्याकडे. पहिल्या अंकात जिने हे केलंय ती शेवटच्या अंकात मरते तेव्हा एक धीट माणूस मरतो. आधीपासूनच कोमेजलेली मुलगी घेतलीत तर फक्त कुणीतरी बिचारी मरते. आणि एमिलिया, म्हणजे इयागोची बायको, डेस्डेमोनाच्याही आधी ठरवा. इयागो ज्याचा खोटा पुरावा करतो तो डेस्डेमोनाचा रुमाल उचलून त्याला देणारी तीच आणि शेवटी सगळं जगासमोर ओरडून सांगणारीही तीच, त्यासाठी ती नवऱ्याच्या हातून मरते. एमिलिया हलकीफुलकी, विनोदी मोलकरीण म्हणून घेतली की शेवटचा प्रवेश कोसळतो. तिथे उभी राहील अशी बाई शोधा आणि मग तिच्यासमोर डेस्डेमोना निवडा.

वयाची भीती बाळगू नका, पण अंगातला दम मोजा

लिअरसाठी ऐंशीचा नट मिळाला तरी तो तीन तास तो तमाशा पेलेल का हा प्रश्न असतो. वादळात ओरडायचं, शुद्ध हरपायची, आणि हे सगळं झाल्यावर मेलेल्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, हातावर उचलून आणायचं. हलकी कॉर्डेलिया बघा हा जुन्या नटांचा सल्ला उगाच प्रसिद्ध नाहीये. जॉन गिलगुडने पहिला लिअर केला १९३१ मध्ये, सत्ताविशीच्या आसपास. आपल्याकडे लिअरचीच सावली असलेलं 'नटसम्राट' १९७० मध्ये आलं तेव्हा थकलेला बेलवलकर उभा करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'चा विली लोमन ६३ वर्षांचा आहे, १९४९ च्या पहिल्या प्रयोगात तो करणारा ली जे. कॉब ३७ चा. म्हणजे म्हातारपण अभिनयाने आणता येतं. जे आणता येत नाही ते म्हणजे बापपण. मुलींचा बाप म्हणून तो माणूस पटतोय का हे बघा, केस पांढरे आहेत का ते नंतर.

विली लोमनवरून आठवलं. मिलरच्या डोक्यात विली बुटका होता आणि संवादात त्याला कुणीतरी कोळंबी म्हणून हिणवतं असं होतं. कॉब पडला आडदांड, मग तो शब्द बदलून वॉलरस केला गेला. १९८४ मध्ये डस्टिन हॉफमनने विली केला तेव्हा परत कोळंबी आली. एका शब्दाचा बदल, पण बघा काय होतं, बुटका विली आयुष्यभर कुणाच्या नजरेत भरलाच नाही म्हणून झिजतो आणि आडदांड विली एवढा मोठा असूनही कोसळतो. २०१९ मध्ये लंडनला वेंडेल पिअर्स विली झाला आणि लोमन कुटुंब कृष्णवर्णीय झालं, तेव्हा तरुण गोरा मालक त्याला 'किड' म्हणतो ती जुनीच ओळ सगळ्या थिएटरला टोचायला लागली. ओळ मिलरने १९४९ मध्येच लिहिलेली होती.

उलट्या बाजूने, इयन मॅकेलनने २०२१ मध्ये ८२ व्या वर्षी हॅम्लेट केला. असं काही करायचं असेल तर मात्र अर्धवट करू नका. बाकीच्या सगळ्यांची वयंही तशीच मोकळी सोडा, नाहीतर एकटा नायकच चुकून आल्यासारखा दिसतो.

बाईने पुरुषाची भूमिका केली तर

सारा बर्नहार्टने १८९९ मध्येच हॅम्लेट केला होता, त्यामुळे हे काही आजचं फॅड नाही. त्याच्या आधी तर उलटंच होतं, ग्रीक रंगभूमीवर मेडिआ पुरुषच करायचा, शेक्सपिअरच्या वेळी ज्युलिएट कोवळा मुलगा करायचा, आणि 'एकच प्याला'मधली सिंधू बालगंधर्वांनी केली.

आज हे करताना एकच प्रश्न आधी सोडवा. पात्र बाई झालंय का बाई पुरुषाची भूमिका करतेय? २०१६ मध्ये ग्लेंडा जॅक्सनने ८० व्या वर्षी लिअर केला तो राजाच होता, बाप होता. तिथे प्रेक्षक थोड्या वेळाने बाई-पुरुष विसरतो आणि सत्ता गेलेल्या माणसाचं म्हातारं शरीर बघतो. तुम्ही लिअरला राणी केलंत, आई केलंत, तर थोरल्या मुलीला, गॉनरिलला, दिलेला वांझपणाचा शाप आईच्या तोंडून येतो आणि तो प्रवेश वेगळ्याच अर्थाने अंगावर येतो. दोन्ही चालेल. मधलंच काहीतरी, म्हणजे कधी 'महाराज' आणि कधी 'आई', हे नाही चालणार.

फक्त बायकांचा संच घ्यायचा असेल तर त्याला नाटकातच एक जागा द्या. फिलिडा लॉइडने २०१२ मध्ये 'ज्युलिअस सीझर' सगळ्या बायकांना घेऊन केलं आणि ते बायकांच्या तुरुंगात घडवलं, हॅरिएट वॉल्टर ब्रूटस होती. हे सगळ्याच प्रयोगांना हवं असं नाही, पण तिथे सत्ता, कट, दहशत यांना लगेच जमीन मिळाली. उलट, जॉन कानी, विन्स्टन नत्शोना आणि ॲथॉल फ्युगार्ड यांच्या १९७३ च्या 'द आयलंड'मध्ये तुरुंगातला एक कैदी अँटिगनी करायला तयारच नसतो, विग घातल्यावर सगळे हसतील म्हणून लाजतो. शेवटी तो ती भूमिका करतो आणि अँटिगनीचं म्हणणं स्वतःचं म्हणून बोलतो. कुणी कुठली भूमिका करायची यावरच ते नाटक उभं आहे, कास्टिंग करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं.

एकच नट, दोन भूमिका

माणसं कमी आहेत म्हणून डबल रोल देतात. पण शोकांतिकेत डबल रोल हे सगळ्यात धारदार हत्यार आहे, आणि ग्रीक लोकांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याकडे बोलणारे नट तीनच असायचे, मुखवटे बदलून तेच सगळं करायचे. युरिपिडीसच्या 'बाखाय'मध्ये आगाव्हे भान हरपून स्वतःच्या मुलाला, पेन्थिअसला, फाडून टाकते आणि सिंहाचं डोकं समजून त्याचं मुंडकं हातात नाचवत येते. अभ्यासकांचा अंदाज असा की पेन्थिअस आणि आगाव्हे एकच नट करत असावा. म्हणजे थोड्या वेळापूर्वी जो मुखवटा त्याच्या तोंडावर होता तोच आता त्याच्या हातात, आणि तो आईच्या आवाजात त्याच्याशी बोलतोय.

हॅम्लेटमध्ये बापाला मारून गादीवर बसलेला आणि आईशी लग्न केलेला काका क्लॉडियस आणि बापाचं भूत एकाच नटाला देता येतं. २००८ मध्ये ग्रेगरी डोरनच्या प्रयोगात पॅट्रिक स्टुअर्टने दोन्ही केलं, डेव्हिड टेनंट हॅम्लेट होता. आता यात काय होतं ते नीट बघा. हॅम्लेट आईच्या खोलीत जातो, तिच्यासमोर दोन चित्रं धरतो आणि विचारतो, हे बघ आणि हे बघ, असा देवासारखा नवरा सोडून तू याच्याकडे कशी गेलीस. दोन्ही भूमिका वेगळ्या नटांना दिल्या असतील तर प्रेक्षक दोन चेहरे आठवतो आणि हॅम्लेटशी सहमत होतो किंवा होत नाही. एकच नट असेल तर प्रेक्षकाने दोन्ही ठिकाणी एकच चेहरा बघितलाय. हॅम्लेटला दोन चित्रांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतोय आणि आपल्याला दिसत नाहीये. त्या एका क्षणात आईचा, गर्ट्रूडचा, अपराध हलका होतो, बाप खरंच देव होता का अशी शंका येते, आणि हॅम्लेट किती एकटा पडलाय ते कळतं. हे सगळं फक्त कास्टिंगने झालं.

लिअरमध्ये कॉर्डेलिया आणि विदूषक हा तसाच प्रकार. दोघं कधीच एकत्र रंगमंचावर येत नाहीत. कॉर्डेलिया पहिल्या प्रवेशानंतर थेट चौथ्या अंकात परत येते आणि विदूषक तिसऱ्या अंकात काही न सांगता गायब होतो. शेवटी मुलीचं प्रेत मांडीवर असताना लिअर म्हणतो, माझ्या बिचाऱ्या विदूषकाला फाशी दिली. दोन्ही भूमिका एकीनेच केल्या असतील तर ही ओळ वेड्या म्हाताऱ्याची बडबड उरत नाही, त्याला शेवटी ते दिसलंय जे आपण अख्खं नाटकभर बघत होतो, की खरं बोलणारं माणूस त्याच्याजवळ एकच होतं.

आणि २०२३ मध्ये लंडनच्या 'मेडिआ'मध्ये सोफी ओकोनेडोसमोर जेसन, क्रेऑन, एजिअस अशा सगळ्या पुरुषांच्या भूमिका बेन डॅनिअल्स या एकाच नटाने केल्या. मेडिआला प्रत्येक दारात तोच माणूस भेटतो. यावर वेगळं भाष्य करायची गरज राहते का सांगा.

करताना दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक प्रवेशात कोण आत कोण बाहेर याचा तक्ता आधी बनवा, कपडे बदलायला पुरेसा वेळ आहे का ते घड्याळ लावून बघा. आणि हे लपवायचंय का दाखवायचंय ते ठरवा. अर्थासाठी करताय तर प्रेक्षकाला ओळखू येऊ द्या, भरमसाट दाढी-मिशा लावून नट झाकलात तर सगळा उद्देशच गेला.

खलनायक आधीच खलनायक दिसू नये

क्रेऑनसाठी भारदस्त, उग्र चेहऱ्याचा नट घेतला की 'अँटिगनी' पहिल्या पाच मिनिटांत संपतं. हा माणूस कालच गादीवर आलाय, यादवी युद्धातून शहर आत्ता बाहेर पडलंय, त्याला कायद्याचं राज्य पाहिजे. ग्रुपमधला सगळ्यात समंजस, ज्याच्याशी भांडावंसं वाटत नाही असा माणूस क्रेऑन करा आणि अँटिगनीला थोडी टोकाची, हट्टी मुलगी घ्या. मग प्रेक्षक दोघांच्या मध्ये सापडतो, आणि हे नाटक आहेच त्यासाठी. क्लॉडियसचंही तेच, तो चांगला राज्य चालवणारा आणि आकर्षक वाटला पाहिजे, नाहीतर गर्ट्रूड मूर्ख ठरते.

छोट्या भूमिकांबद्दल थोडक्यात. ग्रीक नाटकात जवळजवळ सगळी हिंसा पडद्याआड होते आणि दूत येऊन सांगतो, इडिपसने डोळे कसे फोडले ते आपण फक्त ऐकतो. म्हणून दूताला तुमच्याकडचा सगळ्यात चांगला बोलणारा नट द्या, नवशिक्याला नको.

ऑडिशन कशी घ्यायची

स्वगतं पाठ करून आणायला सांगू नका. स्वगतातून आवाज कळतो, पाठांतर कळतं, पण समोरच्यामुळे हा माणूस बदलतो का ते कळत नाही, आणि तुम्हाला तर तेच बघायचंय. दोघादोघांना बोलवा आणि एकच प्रवेश द्या. ऑथेल्लोसाठी तिसऱ्या अंकातला तो लांब प्रवेश, जिथे इयागो नुसतं 'हे मला काही आवडलं नाही' असं पुटपुटतो आणि विचारल्यावर 'काही नाही' म्हणतो. सुरुवातीला इयागो जवळजवळ काहीच बोलत नाही, त्यामुळे सगळं ऑथेल्लोच्या ऐकण्यावर आहे. बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. ज्याच्या चेहऱ्यावर शंका येताना दिसते, आधीच येऊन बसलेली नाही, तो तुमचा ऑथेल्लो.

मग भूमिका अदलाबदल करा. ही जुनी रीत आहे, १८८१ मध्ये हेन्री अर्व्हिंग आणि एडविन बूथ लंडनला ऑथेल्लो आणि इयागो आलटूनपालटून करायचे, १९३५ मध्ये गिलगुड आणि ऑलिव्हिएने रोमिओ आणि त्याचा मित्र मर्क्युशिओ तसेच केले. २०१६ मध्ये रॉबर्ट आइकच्या 'मेरी स्टुअर्ट'मध्ये तर दर प्रयोगाला नाणं फिरवून ठरायचं की ज्युलिएट स्टिव्हन्सन आणि लिया विल्यम्स यांच्यापैकी राणी एलिझाबेथ कोण आणि कैदेतली मेरी कोण. एकीला सिंहासन, दुसरीला कुऱ्हाड, आणि फरक एका नाण्याचा. ऑडिशनमध्ये अदलाबदल केली की कळतं कोणाच्या हातात सत्ता आपोआप जाते आणि कोणाला ती कमवावी लागते. मला स्वतःला कमवावी लागणारा नट राजा म्हणून जास्त आवडतो, कारण शोकांतिकेत ती त्याच्या हातून जायचीच आहे.

त्यानंतर दोघांना नुसतं उभं करा, काही न बोलता, आणि तुम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसा. उंची, अंग, उभं राहण्यातला ताण, तिथून जे दिसतं तेच प्रेक्षकाला दिसणार आहे. मोबाइलवर क्लोजअप रेकॉर्ड करून निर्णय घेऊ नका, स्टेजवर क्लोजअप नसतो.

अजून एक, या नाटकांत गळा दाबणं, मारहाण, जबरदस्ती सगळं आहे. निवड करताना दोघांना स्वतंत्रपणे विचारा की या माणसाबरोबर हे प्रवेश करायला तुम्ही निवांत आहात का. नाही म्हणाले तर कारण न विचारता जोडी बदला. घाबरलेल्या नटाची भीती प्रेक्षकाला पात्राची भीती वाटत नाही, तो नुसताच अवघडून बसतो.

यादी लावायच्या आधी

यादी तयार झाली की प्रत्येक महत्त्वाच्या जोडीसमोर एक वाक्य लिहा, हे दोघं शेजारी उभे राहिल्यावर प्रेक्षक काय समजेल. 'हा तिच्या बापाच्या वयाचा आहे', 'हा त्याच्यापेक्षा हुशार आहे आणि त्याला ते माहितीये', अशी साधी वाक्यं. मग ती सगळी वाक्यं सलग वाचा. त्यातून तुम्हाला सांगायची आहे ती गोष्ट उभी राहत असेल तर यादी लावा. दोन वाक्यं एकमेकांना छेद देत असतील तर तालमीत ते निस्तरू असं म्हणू नका, आत्ताच बदला, कारण तीन आठवड्यांनी भूमिका काढून घेणं फार दुखावणारं असतं.

आणि प्रयोग सुरू झाल्यावर कुणी सोडून गेलं, आजारी पडलं, बदली नट आला, तर जुन्याच्या ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं, कसं हलायचं त्या आखणीत, त्याला कोंबू नका. नवा इयागो दहा वर्षांनी मोठा असेल तर ऑथेल्लो, कॅसिओ आणि एमिलिया तिघांनाही तालमीला बोलवा, त्या तिघांच्याही भूमिका आता बदलल्यात. निदान पहिल्या अंकाचं आणि रुमालाच्या प्रवेशाचं वाचन नव्याने करा, आणि 'सात चोक अठ्ठावीस' ही ओळ आता ठेवायची का काढायची ते त्याच दिवशी ठरवून टाका.